मासोळी मास्तर आणि पांढरी भुकटी

१

पोळ्याच्या दिवशी सकाळी बोरी अरबच्या समाजमंदिराचं दार उघडलं आणि गावाचा नंदी जागेवर नव्हता.

नंदी म्हणजे सागवानाचा बैल. माणसाच्या छातीएवढा उंच, चार चाकांच्या पाटावर उभा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वऱ्हाडात लेकरांचा तान्हा पोळा भरतो. पोरं आपापले लाकडी बैल दोरीनं ओढत आणतात, आणि बोरीत ती सगळी रांग या नंदीच्या मागं उभी राहते. दोन हजार सहाचं साल होतं. कापसानं लागोपाठ दगा दिला होता, वैरण परवडत नव्हती आणि गावातले निम्मे गोठे रिकामे झाले होते. दारातले बैल गेल्यावर लोकांचा जीव या लाकडाच्या बैलावर जरा जास्तच जडला होता.

खोलीत काय उरलं होतं? फरशीवर सांडलेली पांढरी भुकटी. भुकटीत ठिकठिकाणी पिवळे डाग. कोपऱ्यात पिवळ्या तेलरंगाचा डबा, रंगाऱ्याची लोखंडी पत्ती आणि एक चुरगळलेलं पळसाचं पान. कुलूप फोडलेलं नव्हतं. पण त्याची किल्ली बळीराम कोतवालाच्या ओसरीत खिळ्याला टांगलेली असे. ज्याला हवी त्यानं न्यावी, काम झालं की परत लटकवावी. तेव्हा कुलुपाला दोष देण्यात अर्थ नव्हता.

पोलीस पाटलानं भुकटीकडे पाहिलं, मग गर्दीकडे, आणि मग नेहमीप्रमाणे विठ्ठलराव गुल्हान्यांकडे. विठ्ठलराव हायस्कुलात इंग्रजीचे मास्तर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी गावाला काही कळेनासं झालं की त्यांच्याच तोंडाकडे पाहायची सवय होती, आणि खोटं कशाला सांगा, ती सवय त्यांना आवडतही होती.

त्यांनी वाकून भुकटीला बोट लावलं. "ही व्हायटिंग," ते म्हणाले. "लाकडाच्या भेगांत लांबी भरायला लागते ती. पिवळा रंग शिंगांचा. काल दिवसभर इथं नंदी रंगवत कोण बसलं होतं? अन् उन्हाळ्यात जुनं सागवान पाहत फिरणारा तो नागपूरचा व्यापारी कोणाच्या दुकानात चहा प्यायला होता? मी नाव घेत नाही. तुम्हीच घ्या."

मागून कोणीतरी म्हणालं, "विठ्ठल, ऐक तं." त्यांचे थोरले भाऊ बाबाराव होते. विठ्ठलरावांनी न वळताच हात वर करून त्यांना थांबवलं. वर्गात मध्येच बोलणाऱ्या पोराला थांबवावं तसं.

तेवढ्यात अफरोज पेंटर ब्रश आणि डबा घेऊन दारात आला. सुतारकाम आणि रंगकाम दोन्ही करणारा, तिशीतला माणूस, विठ्ठलरावांचा एकेकाळचा विद्यार्थी. सगळे आपल्याकडे का पाहतात ते त्याला आधी कळलंच नाही.

"पाटील, म्या काल दिवस बुडायच्या आंधी अस्तर मारून गेलतो," तो म्हणाला. "आज तेलरंग माराचा होता. मी कायले नेऊ नंदी?"

"सर म्हणतात तूच नेला," कोणीतरी बोललं.

अफरोजनं विठ्ठलरावांकडे पाहिलं. ते काही तरी बोलतील म्हणून तो थांबला, आणि ते बोलले नाहीत. मग त्यानं ब्रश डब्यात ठेवला आणि तोंड मिटलं ते मिटलंच. उद्या दुपारपर्यंत नंदी आणून दे, नाही तर दारव्ह्याचं ठाणं, असं पाटलानं बजावलं आणि त्याच्या दुकानाचं शटर खाली ओढायला लावलं.

२

विठ्ठलरावांना गावात 'मासोळी मास्तर' म्हणत, तोंडावर नव्हे, पाठीमागं. ते नाव याच अफरोजनं मिळवून दिलं होतं.

झालं असं होतं की एका धड्यात 'व्हायटिंग' हा शब्द आला. सरांनी ठोकून दिलं, "व्हायटिंग म्हणजे कॉडच्या जातीचा एक विलायती मासा." मागच्या बाकावरून अफरोज उठला. "सर, आमच्या अब्बाच्या दुकानात व्हायटिंग पोत्यात येते. मासा पोत्यात कसा राह्यतो?" वर्ग असा हसला की शेजारच्या वर्गातले मास्तर पाहायला आले. विठ्ठलरावांनी त्या दिवशी घरी जाऊन मोठी डिक्शनरी काढली. मासा होताच. पण खडूची भुकटी हाही अर्थ होता. जवसाच्या तेलात मळून खिडक्यांच्या काचांना लावतात ती लांबी त्याच भुकटीची. तिनं चांदी घासतात. कुठं कुठं तर नुसतं पांढरं करण्यालाही तोच शब्द. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते सगळे अर्थ फळ्यावर लिहिले आणि म्हणाले, "पोट्टेहो, डिक्शनरीतला पहिला अर्थ उचलून पळत सुटू नका. सगळे वाचा, मग ठरवा." पुढं निवृत्त होईस्तोवर ते दरवर्षी नव्या वर्गाला हेच सांगत आले.

पोळ्याच्या दुपारी पुरणपोळीचं ताट समोर असताना त्यांना हे सगळं आठवलं, आणि घास काही गोड लागेना.

"काय झालं?" इंदुताईंनी विचारलं. "सकाळपासून तोंड पाडून बसले. चोर सापडला म्हणून तं गाव तुमचं गुणगान गाऊन राह्यलं."

ते उत्तर देणार तोच दारात अफरोजची आई शमसुन्निसा येऊन उभी राहिली. सणाच्या दिवशी या घरातून तिच्याकडे पुरणपोळी जायची आणि ईदला तिच्याकडून शीरखुर्मा यायचा. आज इंदुताईंनी पाट मांडला तरी ती बसली नाही.

"सर, मी काही मांगाले नाही आली," ती म्हणाली. "पोरगा उद्या सकाळच्या गाडीनं नागपूरले जातो म्हणते, माह्या भावाकडं. कायमचा. म्या म्हटलं, तू नाही नेला तं बोलला काहून नाही? तं म्हणते, अम्मी, सरांनं सांगितलं ते गावानं ऐकलं. आता माह्या बोलण्याले कोन इचारते?" तिनं पदर सावरला. "तुमीच त्याले शिकवलं, म्हणून सांगून ठेवते. मांगत नाही काही."

ती गेली. विठ्ठलराव ताटावरून उठले. जिवाला चैन नव्हती म्हणून त्यांनी पानाचा डबा ओढला, पानाला चुना लावला आणि बोट पुसायला गेले तर बोट लाल झालेलं. कुंकवात बुडवावं तसं लाल.

ते बोटाकडे पाहत राहिले. तेच बोट त्यांनी सकाळी त्या भुकटीला लावलं होतं, आणि घाईत नीट धुतलं नव्हतं. हळदीला चुना लागला की ती लाल होते हे घरच्या पोरीबाळींनाही ठाऊक असतं. तेलरंग कशानंही लाल होत नाही.

पण नुकतंच ते पुरणपोळी आणि कढीच्या ताटावरून उठले होते. हळद ताटातलीही असेल. ते पानाचा डबा घेऊन चपला घालत समाजमंदिराकडे निघाले. गाव जेवणात होतं. फरशीवरच्या पिवळ्या डागांपैकी एकावर त्यांनी चुन्याचं बोट फिरवलं. डाग लाल झाला. दुसरा लाल झाला. तिसराही.

ती शिंगांच्या रंगाची पिवळाई नव्हती. हळद होती. आणि नंदी रंगवायला अफरोजला हळद कशाला लागेल?

३

पांढरी भुकटी आणि हळद. दोन्ही एका ठिकाणी कोणाच्या हाताला असेल?

विठ्ठलरावांनी थोडी भुकटी कागदाच्या पुडीत घेतली. या खेपेला सगळे अर्थ वाचायचे असं त्यांनी ठरवलं, आणि पहिला विचार आला तो सेवादासचा. सेवादास राठोड कबड्डी मंडळ चालवायचा. मैदानाच्या रेषा मारायला तो अफरोजच्याच दुकानातून व्हायटिंग न्यायचा, आणि पोरांच्या फुटलेल्या गुडघ्यांवर हळद दाबायचा. शिवाय समाजमंदिराची खोली व्यायामशाळेला द्या म्हणून तो सरपंचाशी भांडून बसला होता. नंदी गेला तर खोली मोकळी.

सेवादास मैदानावर दोरी ताणत होता. विठ्ठलरावांनी विचारलं तसा तो उखडलाच.

"मास्तर, सकाळी अफरोज, आता मी? उद्या कोन, मारोती?" तो म्हणाला. "काल सांजीले आमी सारे दारव्ह्याले खेळाले गेलतो. रातच्या शेवटच्या गाडीनं आलो, ते बी लंगडत. साऱ्या टीमले इचारा. खोली मले पाह्यजे, खरं हाये. पण मी काय गावाचा नंदी नेऊन घेईन? माह्या बी पोरीचा लाकडी बैल उद्या त्याच्यामांगं उभा राह्यते."

शेजारी बसलेल्या पोरांनी माना डोलावल्या. एकाच्या गुडघ्यावर हळद होती. विठ्ठलरावांनी ती निरखून पाहिली. कोरडी, खडबडीत, सुकून भेगा पडलेली. पुडीतली भुकटी तशी नव्हती. ती चिकट होती, गोळे धरत होती. ते पाहून ते तिथून निघाले. पाठीमागून सेवादास म्हणाला, "अन् अफरोजनं नाही केलं ते. मी सांगतो."

"हे सकाळी का बोलला नाहीस?"

"तुमी बोलून बसलते," तो म्हणाला आणि दोरी ताणायला लागला.

दुसरा देवीलाल सोनार. नंदीच्या गळ्यातली चांदीची घंटा आणि पायातले तोडे दर पोळ्याला घासायला त्याच्याकडे जात, आणि चांदी घासायला तोही व्हायटिंगच वापरे. चांदीचा मोह कोणालाही होतो. पण देवीलालनं काही न विचारताच फडकं उलगडलं. घंटा आणि तोडे लखलखत होते.

"हे पाहा, सारं जिथल्या तिथं," देवीलाल म्हणाला. "चोराले चांदी पाह्यजे असती तं माह्या दुकानात आला असता. नंदी नागवा असताना कोन नेते, मास्तर? अन् व्यापाऱ्याले इकाचा तं रंग होऊ द्यायचा ना. अर्ध्या अस्तरात कोन उचलते?"

विठ्ठलरावांच्या हे डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी पुडी पुढं केली. देवीलालनं चिमूटभर भुकटी बोटांत चोळली, नाकाशी नेली.

"तूप हाये हिच्यात," तो म्हणाला. "घरचं, कढवलेलं. अन् खाली सरसाचा वास येते. ही पोत्यातली कोरडी व्हायटिंग नाही. सरसात कालवून अंगाले फासलेली, वाळलेली, अन् मंग गरम पाण्यानं सुटलेली. सरसाचं अस्तर गरम पाण्यापुढं टिकत नाही. बाहेरून कोनी आणून सांडली नाही, नंदीच्याच अंगावरून उतरली हाये."

विठ्ठलराव दुकानाच्या पायरीवर बसले. गरम पाणी, तूप, हळद. आणि कोपऱ्यातलं ते पळसाचं पान, जे सकाळी त्यांनी कोण्या प्रसादाच्या द्रोणाचं समजून सोडून दिलं होतं.

या चारी वस्तू एकत्र कधी येतात हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी, खांदमळणीला. वर्षभर जू ओढून बैलाचा खांदा सोलवटलेला असतो. तो गरम पाण्यानं शेकायचा आणि पळसाच्या पानानं त्यावर हळद-तूप चोळायचं. लहानपणी बाबाराव खांदा चोळायचे आणि विठ्ठल वाटी धरून उभा राहायचा.

जो कोणी काल त्या खोलीत शिरला होता, तो चोरी करायला आला नव्हता. तो लाकडाच्या बैलाचा खांदा चोळायला आला होता.

४

असा माणूस कोण? ज्याच्या घरी बैल आहेत त्याला लाकडाच्या बैलाकडे जायचं कारण नाही. म्हणजे ज्याचे गेले तो. पण तसे तर गावात निम्मे.

समाजमंदिरासमोर लालीबाईचं घर. मूळची तांड्यावरची लालीबाई सुईची मोठी हुशार. बैलांच्या झुली तिच्याच हातच्या. दारात बसून ती संध्याकाळभर शेळ्यांवर नजर ठेवायची, आणि तिला सकाळपासून कोणी काही विचारलंच नव्हतं. विठ्ठलरावांनी विचारलं, काल दिवेलागणीला इथून कोण गेलं?

"मानूस?" लालीबाई आठवत म्हणाली. "मानूस तं असा काही ध्यानात नाही, मास्तर. समदे आपापल्या गोठ्यात गुंतलेले. एक बैल गेला तेवढा."

"बैल?"

"हो ना. झूल घातलेला. संगं कोनी होतं, पलीकडून चालत होतं, मले दिसलं नाही. अंधारून आलतं."

विठ्ठलरावांना ते खटकलं. "लालीबाई, खांदमळणीच्या दिवशी झूल कोण घालतं?"

लालीबाईनं हातातली सुई थांबवली. "कोनीच नाही," ती सावकाश म्हणाली. "खांदा तुपाचा. झूल पुरी खराब होते. झूल पोळ्याले." मग तिला आणखी काही सुचलं. "अन् बैल एकलाच होता. जोडीतला एक कोन काढते? अन् त्याचे पाय बी नाही वाजले, मास्तर. नुसतं कुरकुर वाजलं. मले वाटलं मांगून बैलबंडी येऊन राह्यली."

"चाकं," विठ्ठलराव म्हणाले.

पुढचा प्रश्न विचारायची त्यांची इच्छा नव्हती, पण विचारणं भाग होतं. "झूल कशी होती?"

"आरशांची," लालीबाई म्हणाली. "माह्या घरातल्या दिव्यानं लखकन चमकली. आरशाच्या म्या दोनच केल्या गावात. एक पाटलाच्या घरची." तिनं हनुवटीनं दाखवलं. समोर, पोळा भरतो त्या तोरणाकडे निघालेल्या पाटलाच्या जोडीवर आरशांची झूल होती, कोरी, तुपाचा एक डाग नसलेली. "अन् दुसरी तुमच्या बाबारावदादाची." ती हसली. "मले तं बापा बरं वाटलं. म्हटलं दादानं बैल वापस आणले."

५

चैत्रात बाबारावांची जोडी विकली गेली ती विठ्ठलरावांच्या सांगण्यावरून. "दादा, हिशोबानं चाला," ते म्हणाले होते. "बैलांना वर्षभर खाऊ घालायचं, अन् काम किती? ट्रॅक्टर भाड्यानं मिळतो." सगळं खरंच होतं. नेरच्या बाजारात जोडी गेली त्या दिवशी बाबाराव जेवले नाहीत, आणि विठ्ठलरावांनी त्यांना सुधारलेल्या माणसानं भावनेत वाहू नये यावर चार शब्द ऐकवले होते. आता भावाच्या घराची वाट चालताना ते चार शब्द त्यांच्याच कानात वाजत होते, आणि त्यांना त्यांची लाज वाटत होती.

गोठ्याचं दार लोटलेलं होतं. आत नंदी उभा होता. ज्या खुंट्याला विकलेल्या जोडीतला ढवळ्या बांधला जायचा तिथंच, अंगावर आरशांची झूल, पुढं ओली वैरण आणि पितळी परातीत पुरणपोळी. बाबाराव बाजूला भिंतीला टेकून बसले होते. त्यांच्या मांडीवर फडक्यात काहीतरी गुंडाळलेलं होतं.

विठ्ठलरावांनी झूल उचलली. नंदीला वशिंड नव्हतं. खांद्यावर पांढऱ्या-पिवळ्या लांबीचा खड्डा पडला होता.

"हातातच आलं," बाबाराव म्हणाले. फडक्यात ते वशिंड होतं. "कालच भरली होती लांबी, ओली होती. मले काय मालूम? म्या नेहमीसारखा जोर लावला. ढवळ्याले आवडे जोरात चोळलेलं."

"दादा, पण घरी कशाला आणला?"

बाबारावांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की एवढं शिकून तुला हेही कळू नये.

"आवतन देल्लं होतं ना," ते म्हणाले. "खांदा चोळला की म्हणा लागते, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. तोंडातून निघून गेलं. पन्नास वर्षांची सवय. मंग वशिंड तुटलं. आवतन देल्लेल्या बैलाले असा मोडका सोडून येऊ? म्हटलं घरी नेतो, जेवू घालतो, दुरुस्त करतो, दिवस उगवाच्या आंधी ठेवून देतो. पण मले ते जोडनं काही जमलं नाही."

विठ्ठलरावांचा आवाज चढला. चढायला नको होता, पण चढला. "अन् अफरोज? त्या पोराला सारं गाव चोर म्हणून राह्यलं! तुम्ही तिथंच उभे होते! बोलले काहून नाही?"

"म्या बोललो," बाबाराव म्हणाले.

बाबारावांनी मांडीवरचं फडकं जवळ ओढलं.

"'विठ्ठल, ऐक तं' म्हटलं. तू हात वर केला. मंग तू साऱ्या गावापुढं बोलला, ते भुकटीचं, रंगाचं, व्यापाऱ्याचं. सारे माना हालवत होते. आता मी म्हटलं असतं की नंदी माह्याकडे हाये, तं तू खोटा पडला असता." त्यांनी फडक्याची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. "मास्तरले गावात खोटा पाडाचा? माह्याच्यानं नाही झालं. दिवसभर पाय उचलतो, अफरोजच्या घराकडे जाव म्हणतो, पाय येत नाही. पाप माह्यं हाये. तू कोनाले सांगू नको. मी पाहातो काय कराचं ते."

विठ्ठलरावांना एक क्षण, खरंच एक क्षण, सोपी वाट दिसली. रात्री नंदी समाजमंदिरात नेऊन ठेवावा. सकाळी सापडला म्हणावं. अफरोज सुटेल, भावाची लाज राहील, आणि मास्तरांचा शब्दही फार मोडणार नाही. नंदी कोणी आणून ठेवला हे कोणालाच कळणार नाही. म्हणजे गाव जन्मभर म्हणेल, भ्याला म्हणून अफरोजनंच आणून ठेवला.

त्यांनी भावाच्या हाताला धरून उठवलं. "चला," ते म्हणाले. "तोरणाखाली सारं गाव आहे आत्ता."

६

तोरणाखाली बैल उभे होते, कोणी पोळ्याच्या झडत्या, ती यमकाची गाणी, म्हणत होतं, लोक 'हर हर महादेव' करत होते. विठ्ठलरावांनी पाटलाला थांबायला सांगितलं आणि बोलायला उभे राहिले. आयुष्यभर उभं राहून बोलण्याचाच धंदा केलेला माणूस, पण त्या दिवशी पहिलं वाक्य निघायला वेळ लागला.

त्यांनी सगळं क्रमानं सांगितलं. हळद कशी लाल झाली, तूप आणि सरस कसा ओळखला, पळसाचं पान आणि झूल. "नंदी माझ्या भावाकडं आहे," ते म्हणाले. "पण दादानं चोरी नाही केली. चोरी मी केली. सकाळी मी गावापुढं एका माणसाची अब्रू नेली. मला काही माहीत नव्हतं, अन् मी माहीत असल्यासारखा बोललो. दादा सांगत होते, मी त्यांना गप्प केलं. अफरोजचं दुकान आत्ताच्या आत्ता उघडा."

बाबाराव पुढं आले. "मी नेला नंदी," एवढंच म्हणाले आणि खाली पाहत उभे राहिले. ज्यांचे गोठे रिकामे होते त्यांच्यातलं कोणी हसलं नाही. एक म्हातारा डोळे पुसत पुटपुटला, "अरे, मले बी वाटलं होतं काल. मी फक्त गेलो नाही." पाटलानं शटर वर करायला माणूस पाठवला.

अफरोज तोरणाकडे आला नव्हता. विठ्ठलराव त्याच्या घरी गेले तेव्हा बांधलेली पेटी दाराशीच होती. शमसुन्निसा आत बोलावत होती, ते आत गेले नाहीत. दारातूनच सगळं पुन्हा सांगितलं. अफरोजनं ऐकून घेतलं. फक्त शेवटी विचारलं, "वशिंड पुरं निघालं का खुंटी बी तुटली?"

"मला त्यातलं कळत नाही," विठ्ठलराव म्हणाले.

सकाळी नागपूरची गाडी येऊन गेली तेव्हा अफरोज बाबारावांच्या गोठ्यात नंदीपुढं बसलेला होता. खुंटी तुटली होती. त्यानं नवी तासली, भोक साफ केलं, सरस लावला. बाबाराव त्याला चहा द्यायला आले तर तो म्हणाला, "दादा, बैल होता तो. बैलाचा खांदा चोळला तं गुन्हा होते का? म्या काल सांगून गेलो असतो की लांबी ओली हाये, तं हे झालंच नसतं." दोघं मग ढवळ्याबद्दल बोलत बसले. बाबाराव दोनदा हसले. विठ्ठलराव दाराशी उभे होते. त्यांच्याकडे कोणी पाहिलं नाही.

बाबाराव पेला ठेवायला आत गेले तेव्हा ते पुढं आले. रात्रभर त्यांनी जुळवलेली वाक्यं होती. "अफरोज, मला तुझी माफी..."

"सर," अफरोज मध्येच बोलला. त्यांचं वाक्य त्यानं आजवर कधी तोडलं नव्हतं. "तुमी माफी मांगू नका."

"मागायलाच पाहिजे."

"नको. तुमी मांगली का मले देणं भाग पडते. तुमी माहे सर हाय, वयानं मोठे हाय. अम्मी बी म्हणन, दे. सारं गाव म्हणन." त्यानं सरसाचा ब्रश डब्याच्या काठावर निथळला. "मले अजून देता नाही येत. काल तुमी माह्याकडे पाह्यलं अन् गप राह्यले. रातभर मले तेच दिसून राह्यलं. झालं तं मीच येऊन सांगीन. नाही झालं तं नाही."

विठ्ठलरावांनी मान हलवली.

बाहेर पोरांची गडबड ऐकू यायला लागली होती, छोट्या चाकांचा आवाज येत होता. अफरोजनं वशिंड खुंटीवर बसवलं, हातोडीच्या मुठीनं ठोकलं आणि कडेनं बाहेर आलेला सरस अंगठ्यानं पुसला. आता ते वाळेपर्यंत कोणीतरी दाबून धरायला हवं होतं. त्यानं इकडं तिकडं पाहिलं. गोठ्यात दुसरं कोणी नव्हतं.

"धरा इथं," तो म्हणाला. "दोन्ही हातानं. मी म्हणीन तवाच सोडा."

विठ्ठलरावांनी दोन्ही हातांनी धरलं. अफरोज पाठ करून लांबी मळायला बसला.